नागपूरच्या उन्हात रायफलवरची दुर्बीण: बसवणं, तपासणं आणि झिरो टिकवणं

मे महिन्यात नागपुरात सावलीतला पारा ४५–४६ अंशांवर जाणं नेहमीचं आहे. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ वर गेला होता. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हाच पारा ८–१० पर्यंत उतरतो. हिवाळ्यातल्या पहाटे झिरो केलेली, म्हणजे नेमाच्याच जागी गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवलेली, रायफल नवतप्याच्या (मेअखेरच्या सर्वात तापलेल्या नऊ दिवसांच्या) दुपारी बाहेर काढली, तर हवेतच ३५ अंशांचा फरक पडलेला असतो. उन्हात ठेवलेल्या काळ्या ॲनोडाइज्ड धातूत तो ५५ अंशांच्याही पुढे जातो. एवढ्या फरकात गोळ्या कागदावर सरकल्या की पहिला संशय दुर्बिणीवर येतो. ती विकली जाते, नवी येते आणि गोळ्या पुन्हा सरकतात. बहुतेक वेळा दुर्बीण ठीकच असते. खोट असते माउंटच्या (दुर्बीण रायफलवर धरणाऱ्या बेस आणि रिंगांच्या) पकडीत, दोन धातूंच्या वेगवेगळ्या प्रसरणात, लाकडी दस्त्याच्या ढिल्या स्क्रूंत, तापलेल्या काडतुसांत, नाहीतर रायफलच्या नळीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरींत. यातली नेमकी कुठली, हे ठरवता येतं. आधी माउंट असा बसवावा लागतो की त्याच्यावर संशय घ्यायला जागाच उरू नये.

हे मार्गदर्शन पॉइंट टू टू (.२२) रायफल, .३१५ बोअरची बोल्ट ॲक्शन आणि दुर्बीण लावलेली एअर रायफल, या तिन्हींसाठी आहे. ऑलिंपिक पद्धतीच्या १० मीटर आणि ५० मीटर रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही, तिथे डायॉप्टर साइट (बारीक भोकातून नेम धरायची) असते. त्यामुळे इथला विचार बेंचरेस्ट (टेबलावर टेकवून नेमबाजी), फील्ड टार्गेट (वेगवेगळ्या अंतरांवरच्या लक्ष्यांवरची एअर रायफल स्पर्धा) आणि रेंजवरच्या सरावापुरता आहे. गोळी झाडून करायच्या सगळ्या चाचण्या मान्यताप्राप्त रेंजवरच करायच्या. गच्ची, शेत, फार्महाऊस यांतलं काहीही चालणार नाही. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे, तेव्हा त्या वापराचा इथे प्रश्नच येत नाही.

उष्णता येते कुठून

परदेशी लेखांत भर असतो तो नळीच्या उष्णतेवर, कारण तिथे एका बैठकीत शेकड्यांनी काडतुसं झाडली जातात. आपल्याकडे काडतुसांचा कोटा आणि किंमत पाहता पॉइंट टू टू ची नळी कोमट होण्यापलीकडे क्वचितच जाते. एअर रायफलची नळी झाडून तापतच नाही. .३१५ मात्र तापते. लागोपाठ दहा गोळ्यांनंतर तिच्या नळीला हात लावून ठेवता येत नाही. ती उष्णता रिसीव्हरमधून (नळीमागचा, बोल्ट बसतो तो भाग) बेसपर्यंत पोहोचते, पण हळूहळू आणि बरीच कमी होऊन.

नागपुरातला मोठा स्रोत ऊन आहे, आणि त्याहून मोठा बंद गाडी. ४५ अंशांच्या दुपारी उन्हात लावलेल्या बंद गाडीत आतली हवा ६५–७० अंशांपर्यंत सहज जाते. मागच्या काचेखालचा आणि डॅशबोर्डवरचा भाग त्याहूनही तापतो. दुर्बिणीच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा पाहा. बऱ्याच ठिकाणी ती ६० किंवा ७० अंश लिहिलेली असते. म्हणजे रेंजवर पोहोचण्याआधीच मर्यादा ओलांडलेली असू शकते.

अंदाजावर राहू नका, मोजा. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो, पण चकचकीत धातूवर तो बरंच कमी तापमान दाखवतो. म्हणून दुर्बिणीची नळी, पुढची रिंग, रिसीव्हर आणि चेंबरच्या पुढे नळीवर मास्किंग टेपचा बोटाएवढा तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर नेम धरून वाचन घ्या. एकाच वाचनावर विश्वास टाकू नका. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानं सांगितलं. दोन-तीन वाचनं जुळली तरच आकडा वहीत लिहायचा. थर्मामीटर नसेल तर बोट लावा: धातू साठीच्या आसपास असेल तर बोट काही सेकंदांतच मागे घ्यावं लागतं.

धातूंचा हिशेब

ॲल्युमिनियम दर अंशाला, दर मीटरला साधारण २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद ११ ते १२. म्हणजे जवळपास दुप्पट. दुर्बिणीची नळी ॲल्युमिनियमची, रायफलचा रिसीव्हर बहुधा पोलादी. दोन रिंगांमधलं अंतर १२० मिमी आणि तापमानातली वाढ ५५ अंश धरली, तर दोन्हींच्या वाढीतला फरक ०.०७ ते ०.०८ मिमी येतो. केसाच्या जाडीएवढी ही गोष्ट, पण ती कुठेतरी जिरावी लागते. एकतर एका रिंगेत नळी किंचित घसरते, नाहीतर काहीतरी वाकतं. घसरलेली नळी थंड झाल्यावर जशीच्या तशी मागे आली तर कळतही नाही. ती पूर्ण मागे येत नाही तेव्हा झिरो भटकायला लागतो.

वाकण्याचा परिणाम किती, तेही पाहा. १०० मिमी अंतरावरच्या दोन टेकूंपैकी एक ०.०१ मिमी वर-खाली झाला तर कोन ०.१ मिल (एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटरचा कोन) बदलतो, म्हणजे ५० मीटरवर ५ मिमी आणि १०० मीटरवर १० मिमी. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) टरेटचा, म्हणजे नेम सरकवायच्या नॉबचा, एक क्लिक ५० मीटरवर साधारण ३.६ मिमी असतो. शतांश मिलिमीटरला क्लिकपेक्षा जास्त वजन आहे.

उन्हात एक बाजू जास्त तापणं हा वेगळा प्रकार. रायफल उत्तर-दक्षिण ठेवून सकाळी दहाला बसलात तर पूर्वेची बाजू तापते. दुर्बिणीच्या नळीच्या दोन बाजूंत एका अंशाचा जरी फरक राहिला, तरी ३० मिमी व्यासाच्या ॲल्युमिनियम नळीचा १०० मिमी तुकडा हिशेबानं ०.०८ मिलच्या आसपास वाकू पाहतो. रिंगा त्याला थोपवतात, त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम कमी असतो. पण गोळ्या आडव्या सरकण्याचं हे एक खरं कारण आहे आणि त्यावरचा उपाय फुकट आहे: रायफलवर सावली धरा.

भाग निवडताना

पोलादी रिसीव्हरवर पोलादी बेस घ्या. रिसीव्हर आणि बेस एकत्र वाढतात, एकत्र आकसतात, आणि स्क्रूवर ओढ येत नाही. पोलादी रिसीव्हरवर लांब ॲल्युमिनियम रेल दोन्ही टोकांना कसली की वर सांगितलेला सगळा फरक त्या रेलमध्ये शिरतो आणि ती कमानीसारखी उचलली जाते. रिंगा मात्र ॲल्युमिनियमच्या चांगल्या. नळी आणि रिंग एकाच धातूची असली की व्यास सारखाच वाढतो. पोलादी रिंगेत ३० मिमीची ॲल्युमिनियम नळी ५५ अंश तापली तर ती रिंगेपेक्षा सुमारे ०.०१९ मिमी जास्त फुगते. रिंग बेताची कसलेली असेल तर स्क्रूचा ताण हे सोसतो. आधीच जास्त कसलेली असेल तर नळी दबते, आणि दुपारी पॅरॅलॅक्सचा (लक्ष्याच्या अंतराशी फोकस जुळवायचा) नॉब किंवा झूमची रिंग जड फिरायला लागते. सकाळी सैल आणि दुपारी जड, हे लक्षण दिसलं तर रिंगा पुन्हा कसा. दुर्बीण उघडू नका.

एअर रायफलवर बहुधा ११ मिमीची डव्हटेल (तिरप्या कडांची) खाच असते. तिच्यासाठी दोन रिंगांपेक्षा एकसंध माउंट बरा, आणि त्याला स्टॉप पिन असलीच पाहिजे. स्प्रिंगच्या रायफलचा झटका उलटसुलट असतो. पिस्टन पुढे आदळतो तेव्हा रायफल पुढे उसळते आणि दुर्बीण मागे सरकू पाहते. म्हणून पिन माउंटच्या मागच्या बाजूला, रिसीव्हरवरच्या भोकात बसवायची. काडतुसाच्या रायफलीत रायफल मागे येते आणि दुर्बीण पुढे राहू पाहते, तेव्हा पिकॅटिनी रेलवर (आडव्या खाचांच्या पट्टीवर) माउंट पुढे ढकलून, आडवा बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून कसायचा. स्प्रिंग रायफलवर पिकॅटिनी असेल तर तो मागच्या भिंतीला टेकवायचा. यात चूक झाली की माउंट थोडा थोडा सरकत जातो, आणि तापलेल्या धातूत ते आणखी लवकर होतं.

दुर्बीण एका टोकाला रिसीव्हरवर आणि दुसऱ्या टोकाला नळीवर किंवा पुढच्या हँडगार्डवर, अशी कधीही बसवू नका. नळी तापून वाढते, हँडगार्ड हाताच्या दाबानं हलतो आणि दोन्हींचा हिसका दुर्बिणीला बसतो.

रिंगेत घसरू नये म्हणून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळायची सवय बरीच आहे. ती सोडा. तिचा गोंद पन्नास-साठ अंशांना पातळ होऊन सरकतो, आणि नागपुरात तो एप्रिलमध्येच बाहेर झिरपलेला दिसतो. पकड वाढवायचीच असेल तर रिंगेचा आतला भाग आणि नळी तेलविरहित करा. त्यानंही भागलं नाही तर पॉलिमरच्या आतल्या कड्या असलेल्या रिंगा घ्या.

बसवण्याचा दिवस

वेळ निवडा. २५ ते ३० अंशांच्या खोलीत काम करा. उन्हाळ्यात म्हणजे पहाटे किंवा एसीच्या खोलीत. रायफल, दुर्बीण, माउंट आणि हत्यारं दोन-तीन तास एकाच खोलीत पडू द्या, म्हणजे सगळं एका तापमानाला येतं. हे तापमान वर्षाच्या दोन टोकांच्या मधोमध आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंचा ताण अर्धा-अर्धा वाटला जातो. कूलरच्या खोलीत मात्र हे काम नको. डेझर्ट कूलर पाण्याची वाफ सोडतो, त्या ओलाव्यानं ब्लूइंगवर (पोलादावरच्या निळ्या-काळ्या थरावर) गंज धरतो आणि भिंगांवर बुरशीला वाव मिळतो. रायफल ठेवायची जागाही कूलरपासून दूर असावी, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात आणि पावसाळ्यात त्या महिन्यातून एकदा वाळवाव्यात.

सुरुवात रिकामी खात्री करण्यापासून. मॅगझीन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीनं तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. पीसीपी (आधी भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी एअर रायफल) असेल तर कॉक उतरवलेली आणि चेंबरमध्ये छर्रा नाही. स्प्रिंग रायफल ताणलेली नसावी.

मग दस्त्याचे स्क्रू. माउंटच्या आधी हे का, तर मे महिन्यात विदर्भातली हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं आणि ॲक्शन स्क्रू (रिसीव्हर दस्त्याला धरणारे) ढिले पडतात. रिसीव्हरच दस्त्यात हलत असेल तर दुर्बिणीवर कितीही मेहनत घ्या, गोळ्यांचा गट पसरणारच. निर्मात्यानं सांगितलेल्या टॉर्कला (कसण्याच्या जोराला) कसून घ्या. जुलैत लाकूड फुगल्यावर पुन्हा पाहा, कारण तेव्हा ताण वाढलेला असतो.

आता बेस. स्क्रू, भोकं, बेसचा तळ आणि रिसीव्हरचा माथा एसीटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. भोकात कानकाडी घालून फिरवा. कारखान्याचं तेल तिथेच दडलेलं असतं. बेस स्क्रूशिवाय ठेवून चारही कोपरे बोटानं दाबा. डुलत असेल तर तो रिसीव्हरवर नीट बसत नाही आणि स्क्रू कसल्यावर वाकणार. तो बदला किंवा गनस्मिथकडून बसवून घ्या. मग प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा एक छोटा थेंब. लॉकटाइट २४३ हा सगळीकडे मिळणारा प्रकार, इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. लाल प्रकार नको, तो काढायला स्क्रू भरपूर तापवावा लागतो आणि रिसीव्हरच्या बाबतीत ते परवडणारं नाही.

उन्हानं थ्रेडलॉकर वितळला, हे वाक्य वारंवार कानावर येतं. २४३ ची मर्यादा १८० अंशांची आहे. नागपूरचं ऊन त्याच्या आसपासही जात नाही. स्क्रू सुटला असेल तर आट्यांत तेल राहिलं होतं, थेंब भोकाच्या तळाशी पडला होता किंवा वाळायला वेळ दिला नव्हता. पूर्ण घट्ट व्हायला २४ तास लागतात. त्या दिवशी रायफल झाडू नका.

बेसच्या बारीक, ६-४८ आट्यांच्या (सहा नंबरचे, इंचाला ४८ आटे) स्क्रूंना १५ ते २० इंच-पाउंड, म्हणजे साधारण १.७ ते २.३ न्यूटन-मीटर. ८-४० आट्यांचे जाड स्क्रू २५ ते २८ इंच-पाउंडांवर कसतात. निर्मात्यानं वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. टॉर्क ड्रायव्हर विकत घ्या किंवा चार जणांत मिळून घ्या. लांब हाताच्या ॲलन चावीनं माणूस नकळत दुप्पट कसतो, आणि यातल्या निम्म्या तक्रारी तिथेच जन्म घेतात.

रिंगांचे खालचे अर्धे रेलवर बसवा आणि आडवे बोल्ट कसा. इथे टॉर्क मॉडेलप्रमाणे खूप बदलतो. पोलादी पिकॅटिनी माउंटला ६५ इंच-पाउंड चालतात, तर ॲल्युमिनियमच्या डव्हटेल जबड्याला तेवढ्यात भेग पडेल, त्याला ३० च्या आत ठेवतात. मग रिंगांची सरळ रेषा पाहा. टोकदार अलाइनमेंट सळ्या असतील तर उत्तम. नसतील तर नळीच्याच व्यासाची सरळ गोल सळई दोन्ही रिंगांत ठेवा, तिच्यावर मार्करची शाई लावून फिरवा आणि शाई कुठे लागते ते बघा. फक्त कडेलाच लागत असेल तर रिंगा तिरप्या आहेत. थोडं लॅपिंग (रिंगा आतून घासून जुळवणं) चालतं, पण त्यात ॲनोडायझिंग जातं. जास्त तिरपं असेल तर रिंगा परत करा. तिरप्या रिंगेत जबरदस्तीनं बसवलेली नळी थंडीत कशीबशी चालते आणि उन्हात ताण बदलला की झिरो हलवते.

दुर्बीण ठेवण्याआधी टरेट मधोमध आणा: एका टोकापर्यंत हलक्या हातानं फिरवा, दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजा, निम्मे परत या. टरेट टोकाला असताना आतल्या स्प्रिंगचा जोर कमी पडतो. स्वस्त दुर्बिणीत तापमान बदललं की हेच टोक आधी दगा देतं. झिरोसाठी खूप क्लिक लागत असतील तर बदल माउंटमध्ये करा.

आता दुर्बिणीची नळी रिंगांत ठेवा, डोळ्याचं अंतर सर्वात जास्त झूमवर जुळवा, रेटिकल (दुर्बिणीत दिसणारं नेमाचं चिन्ह) ओळंब्याशी सरळ करा. ओळंबा म्हणजे २० मीटरवर दोरीला टांगलेला नट. त्याहून अचूक काही लागत नाही. वरच्या टोप्या ठेवून स्क्रू एक्स आकारात, पाव-पाव फेऱ्यांनी कसा, म्हणजे दोन्ही बाजूंची फट सारखी राहते. शेवट १५ ते १८ इंच-पाउंडांवर, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर. या स्क्रूंना थ्रेडलॉकर लावू नका. ओल्या आट्यांत घर्षण कमी होतं, त्याच टॉर्कला पकड बरीच वाढते आणि नळी दबते.

शेवटी खुणा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर, आणि रिंगेच्या कडेवरून नळीवर, पेंट मार्करनं किंवा नेलपॉलिशनं बारीक रेघ ओढा. पुढे काहीही सरकलं तर रेघ तुटलेली दिसते. पाच मिनिटांचं हे काम नंतरचा कित्येक आठवड्यांचा वाद वाचवतं.

न झाडता घ्यायची ऊन-चाचणी

बोल्ट निघणाऱ्या रायफलीत ही सोपी आहे. सकाळी रायफल वजनदार शिकंजात किंवा वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा. बोल्ट काढा. मागून नळीतून पाहत रेंजवरच्या ५० मीटर फलकावरचा काळा ठिपका नळीच्या मध्यावर आणा, आणि दुर्बिणीतून रेटिकल त्याच फलकावर नेमकं कुठे पडतं ते लिहा. टेपवरचं तापमानही लिहा. मग दोन्ही भिंगांवर झाकणं लावून रायफल अर्धा तास उन्हात ठेवा, पंधरा मिनिटांनी बाजू बदला. पुन्हा तीच जुळवणी, पुन्हा नोंद. नंतर तासभर सावलीत थंड करून तिसरी नोंद.

तापल्यावर रेटिकल थोडं सरकलं आणि थंड झाल्यावर मूळ जागी आलं, तर ते प्रसरण आहे. ते दर वेळी सारखं असेल तर वहीत लिहून वापरता येतं. थंड होऊनही मूळ जागी आलं नाही, तर काहीतरी घसरलं आहे. रेघा तपासा, घसरण तिथे सापडते. रेघा शाबूत आणि तरी फरक, तेव्हाच दुर्बिणीच्या आतल्या भागावर बोट ठेवा.

झाकणं का, हे नीट समजून घ्या. समोरचं भिंग सूर्याकडे असेल तर ते ऊन आत एका बिंदूवर गोळा करतं, आणि मागचं भिंग सूर्याकडे असेल तरी तेच होतं. रेटिकल, त्याची प्रकाशयोजना किंवा रेड डॉटचा (नेमासाठी लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटचा) डायोड त्यात जळू शकतो. तंबूत टेकवून ठेवलेल्या रायफलीची झाकणंही दोन फैरींच्या मधल्या वेळेत बंद हवीत. सूर्याच्या दिशेला दुर्बिणीतून पाहणं म्हणजे डोळा गमावणं, हे नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

ब्रेक बॅरल (नळी वाकवून ताणायच्या) आणि इतर एअर रायफलींत नळीतून पाहणं जमत नाही. त्यांना पुढची झाडून करायची चाचणी लागू.

झाडून चाचणी: कोण दोषी ते वेगळं करणं

उन्हात रायफल आणि काडतुसं दोन्ही एकदम तापतात, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. दोन्ही वेगळी तापवा. पाच-पाच गोळ्यांचे दोन गट प्रत्येक स्थितीत घ्या आणि गटाचा मध्य मोजा. एकट्या गोळीवरून काही ठरवू नका.

पहिली स्थिती सकाळी सहा-साडेसहाची: रायफल थंड, काडतुसं थंड. दुसरी: रायफल अर्धा तास उन्हात तापलेली, काडतुसं थर्माकोलच्या डब्यात सकाळच्याच तापमानाची. तिसरी: रायफल सावलीत निवलेली, काडतुसं सावलीतच पण दुपारच्या हवेत तासभर उघडी ठेवलेली. काडतुसं थेट उन्हात किंवा गाडीत तापवू नका.

दुसऱ्या स्थितीत मध्य सरकला तर माउंट, दस्ता किंवा दुर्बीण. तिसऱ्यात सरकला तर काडतुसातली दारू. तापलेली दारू जोरानं जळते, वेग वाढतो, गोळी वर लागते. काडतुसं गोळी वर-खाली करतात, आडवी नाही. गोळ्या डाव्या-उजव्या सरकत असतील तर वारा वगळून बाकी सगळा संशय यांत्रिक भागांवर आणि एका बाजूच्या उन्हावर ठेवा. ही एक खूण पाठ असली तरी अर्धं निदान होतं.

पॉइंट टू टू ची आणखी एक बाब. शिशाच्या गोळीवरचं मेणासारखं वंगण उन्हात मऊ होऊन खाली उतरतं, चेंबरमध्ये साचतं आणि गट उघडतो. तेही दुर्बिणीच्याच माथी मारलं जातं. हवेचाही वाटा आहेच: १२ अंशांवरून ४५ वर जाताना हवेची घनता साधारण दहा टक्क्यांनी कमी होते, गोळीला विरोध कमी होतो आणि लांबच्या अंतरावर ती थोडी वर लागते. हलक्या छर्ऱ्यांत हे आधी जाणवतं.

पीसीपीत दाब पाहा. २० अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर ६० अंशांना २२७ बारच्या आसपास जातो. रेग्युलेटर नसलेल्या रायफलीत एवढ्यानं वेग आणि झिरो दोन्ही बदलतात. त्याहून महत्त्वाचं, सिलिंडरवर कोरलेली कमाल मर्यादा ओलांडली जाऊ शकते. उन्हाळ्यात प्रवासाआधी तो पूर्ण भरू नका. रेंजवर पोहोचून, सावलीत, भरा. गॅस रॅमच्या (स्प्रिंगऐवजी कोंडलेल्या वायूच्या) रायफलींतही उन्हात दाब वाढतो आणि वेग थोडा चढतो.

लहरी

नळी तापली की तिच्यावरून उठणारी हवा दुर्बिणीसमोर थरथरते आणि लक्ष्य नाचतं. गट नीट असूनही मध्य भरकटतो, कारण नेम धरलेला ठिपका असतो तिथे दिसत नाही. .३१५ वर हे तिसऱ्या-चौथ्या गोळीपासून जाणवतं, आणि उन्हातल्या काळ्या नळीवर एकही गोळी न झाडता. उपाय दोन. नळीच्या वर, रिसीव्हरच्या पुढून टोकाकडे, साधारण ५ सेंटीमीटर रुंदीची इलॅस्टिकची पट्टी दोन्ही टोकांना वेल्क्रोनं ताणून लावा, म्हणजे गरम हवा बाजूंनी निघते. पट्टी नळीच्या तोंडापासून दूर हवी. दुसरा, दुर्बिणीच्या समोरच्या भिंगाला लांब सनशेड. जाड काळ्या कागदाची नळीही चालते.

जमिनीवरून उठणाऱ्या लहरींना उपाय नाही, वेळ हाच उपाय. मे महिन्यात सहाच्या आतच उजाडतं. झिरोचं काम आठच्या आत संपवा. त्यानंतरच्या नोंदी लहरींच्या असतात, रायफलच्या नसतात. उन्हाळ्यात झूम कमी ठेवा. वीसपट झूमवर लहरीही वीसपट दिसतात. फोकसचा नॉब दर बैठकीला नव्यानं लावा, कारण तापमानानं भिंगांमधलं अंतर किंचित बदलतं आणि सकाळचा पॅरॅलॅक्स दुपारी जुळत नाही. डोळा बाजूला हलवून रेटिकल लक्ष्यावर सरकतं का, एवढं पाहिलं की झालं.

बॅटरी आणि वाहतूक

सीआर २०३२ सेलची नेहमीची मर्यादा ६० अंश. रेड डॉट गाडीत तळला गेला की सेल लवकर उतरतो, कधी पाझरतो. मार्चमध्ये नवा सेल घाला, जुना घड्याळाला वापरा. सीझन संपला की सेल काढून ठेवा.

रायफल जाड, फिक्या रंगाच्या पिशवीत, गाडीच्या तळाशी, सीटच्या सावलीत. मागच्या काचेखाली नको. परवाना आणि कागदपत्रं सोबत, काडतुसं वेगळी, थर्माकोलच्या डब्यात. डब्यात बर्फ टाकू नका, ओल धरते. गाडीत रायफल सोडून जेवायला जाणं सुरक्षेच्या दृष्टीनंच चूक आहे, त्यामुळे उष्णतेचा प्रश्न तिथे आपोआप सुटतो. एसी गाडीतून जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रायफल काढली की भिंगावर बाहेरून वाफ धरते. झाकणं लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसत बसू नका. वाफ आतून धरली असेल तर दुर्बिणीचा नायट्रोजन गेला आहे, ओ-रिंग फसली आहे. ती निर्मात्याकडेच जाते.

वर्षभरातल्या तपासण्या

मार्चच्या मध्यावर, नवतप्याच्या आधी, पहिल्या जोरदार पावसानंतर पंधरा दिवसांनी आणि डिसेंबरमध्ये, अशा चार वेळा रेघा पाहा, ॲक्शन स्क्रूंचा टॉर्क घ्या आणि पाच गोळ्यांचा एक गट झाडा. वहीत तारीख, हवेचं तापमान, टेपवरचं तापमान, काडतुसाचा लॉट आणि गटाच्या मध्याचं सरकणं मिलिमीटरमध्ये. रिंगांचे स्क्रू प्रत्येक वेळी पुन्हा कसत बसू नका. रेघ जुळत असेल तर त्यांना हात लावायचा नाही. रेघ तुटली असेल तर तो स्क्रू पूर्ण काढा, पुसा, पुन्हा त्याच टॉर्कला कसा आणि झिरो पुन्हा सकाळच्या पहिल्या स्थितीत घ्या.